थंडीवर उभी असलेली घरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



आपल्या मंडळात आरोग्य, मुलांचे संगोपन, घरखर्च असे विषय नेहमी होतात. मी मात्र आज तुम्हांला फार लांब नेणार आहे. सैबेरियाच्या ईशान्येला साखा, अर्थात यकुतिया, नावाचे रशियाचे एक प्रजासत्ताक आहे. विस्तार सुमारे ३१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारताहून थोडाच लहान. आणि वस्ती अवघी दहा लाखांच्या आसपास. तिथल्या हवेविषयी मला बोलावयाचे आहे. विषय हवेचा असला तरी तो अखेर घरापाशीच येऊन पोहोचतो, म्हणूनच तो निवडला.

आपल्यापैकी पुष्कळ जणींनी शाळेच्या भूगोलात वेर्खोयान्स्क हे नाव पाठ केले असेल. १८९२ च्या फेब्रुवारीत तिथे उणे ६७.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ओयम्याकोन या गावी १९३३ साली जवळजवळ तेवढीच नोंद झाली. आपण सहज ‘पारा उतरला’ म्हणतो. पण पारा स्वतःच सुमारे उणे ३९ अंशांना गोठतो, त्यामुळे तिथे मद्यार्क भरलेला तापमापक लागतो! आता दुसरा आकडा ऐका. त्याच वेर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी ३८ अंश उष्णता नोंदली गेली. नागपूरकरांना हा आकडा किरकोळ वाटेल; पण हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. जागतिक हवामान संघटनेने तो आकडा तपासून २०२१ च्या डिसेंबरात त्या पट्ट्यातील उच्चांक म्हणून मान्य केला. एकाच गावातील दोन टोकांत १०५ अंशांहून अधिक अंतर!

असे का व्हावे? मुख्य कारण असे की, समुद्राची ऊब तिथवर पोहोचतच नाही. तवा चटकन तापतो आणि चटकन निवतो. पाण्याचा हंडा सावकाश तापतो व सावकाश निवतो. मुंबईची हवा हंड्यासारखी, यकुतियाची तव्यासारखी. अटलांटिकवरून निघालेले उबदार वारे हजारो किलोमीटर जमिनीवरून येता येता ऊब गमावतात. पॅसिफिकच्या बाजूला पर्वतांच्या रांगा आडव्या आहेत, आणि उत्तरेचा समुद्र हिवाळ्यात गोठून जातो. दिवस अगदी लहान, आकाश निरभ्र, जमिनीवर पांढरेशुभ्र हिम. मग असेल नसेल ती उष्णता रात्री आकाशात निघून जाते. गार हवा जड असते. ती डोंगरांवरून घरंगळत खोऱ्यांत येते आणि वारा नसल्यामुळे तिथेच साचून राहते. म्हणून डोंगरमाथ्यापेक्षा खालची गावेच अधिक थंड! उत्तर ध्रुवावरसुद्धा जानेवारीत एवढी थंडी नसते, कारण तिथे बर्फाखाली समुद्र आहे. या जड हवेचा प्रचंड साठा हिवाळाभर सैबेरियावर ठाण मांडून असतो. मध्ये हिमालयाची भिंत नसती, तर आपल्या उत्तर भारतालाही त्याचा तडाखा बसला असता.

आता तिथल्या संसाराकडे वळू. यकुत्स्क हे राजधानीचे शहर, वस्ती तीन लाखांच्या वर. जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास. श्वासातील, धुराड्यांतील आणि मोटारींच्या धुरातील वाफ गोठून शहरावर बर्फकणांचे दाट धुके पसरते. बाजारात मासे टोपल्यांत लाकडाच्या ओंडक्यांसारखे उभे करून विकतात आणि दूध गोठलेल्या चकत्यांच्या रूपाने मिळते. वाळत घातलेले कपडे फळीसारखे ताठ होतात. पायांत रेनडिअरच्या कातड्याचे केसाळ बूट. उणे ४५ अंशांच्या सुमारास लहान मुलांच्या शाळेला सुट्टी मिळते. आपल्याकडे पावसाची मिळते, तशी.

परंतु भगिनींनो, केवळ नवल वाटावे म्हणून मी हे सांगत नाही. तिथली थंडी ही नुसती हवेत नाही, ती जमिनीत आहे. शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने यकुत्स्कमध्ये १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. नऊ वर्षे खणून, शंभर मीटरहून खोल गेल्यावरही जमीन गोठलेलीच! पाणी लागलेच नाही. पण त्या विहिरीत पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने जमिनीचे तापमान मोजले आणि गोठलेल्या भूमीच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. उन्हाळ्यात वरचा एक-दोन मीटरचा थर तेवढा वितळतो, खालचा शतकानुशतके तसाच राहतो.

याच गोठलेल्या जमिनीवर तिथला संसार उभा आहे. वर्षभरात यकुत्स्कला पाऊस व हिम मिळून जेमतेम २४० मिलिमीटर पाणी पडते. तरी तिथे लार्च वृक्षांची अफाट अरण्ये आहेत, कारण खालचा गोठलेला थर पाणी मुरून जाऊ देत नाही. मोठ्या इमारती जमिनीत रोवलेल्या खांबांवर उचलून बांधतात. घराची ऊब जमिनीला लागून ती वितळू नये, म्हणून. खेड्यांतून घराजवळ जमिनीत खोल तळघर असते, त्याला बुलूस म्हणतात. त्यात मांस-मासे उन्हाळ्यातही टिकतात. तळी गोठू लागली की बर्फाच्या लाद्या कापून ठेवतात, आणि त्याच वितळवून पिण्याचे पाणी करतात. आपल्या कोठीघरात धान्य, तसे त्यांच्या कोठीत पाणी!

आणि आता हाच पाया हलू लागला आहे. १९७९ पासून उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. थंडी संपली असे मात्र नाही. २०२३ च्या जानेवारीतही यकुतियात तापमान उणे ६० अंशांखाली गेले. पण सरासरी चढत चालली आहे. २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत सैबेरियात जी दीर्घ उष्णता राहिली, ती माणसाने घडविलेल्या तापमानवाढीवाचून जवळजवळ अशक्य होती, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. २०२१ साली तिथल्या अरण्यांना लागलेल्या वणव्यांचा धूर उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचला.

जमिनीत बर्फाच्या मोठमोठ्या पाचरी असतात. त्या वितळल्या की वरची माती खचते. अंगणात खड्डे व उंचवटे पडतात, घरे कलतात, बुलूसमध्ये पाणी शिरते. चुरापचासारख्या गावांतून हे दिसू लागले आहे. पूर्वीही जमीन अशी खचे. तिथल्या ‘अलास’ नावाच्या खोलगट कुरणांवर यकुत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गाईघोडे पोसले, ती कुरणे अशीच तयार झालेली आहेत. परंतु त्याला हजारो वर्षे लागली. आता मात्र एका बाईच्या हयातीत तिचे अंगण बदलते. बटागाय गावाजवळ विसाव्या शतकात झाडे तोडली गेली, जमिनीवरची सावली गेली, आणि तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचा खड्डा पडला. तो अजूनही वाढतो आहे. सावलीची किंमत याहून स्पष्ट कोण सांगणार?

हे दूरचे दुखणे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण जगातील गोठलेल्या जमिनींत वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट कार्बन साठलेला आहे. ती जमीन वितळली की त्यातील काही भाग वायुरूपाने बाहेर पडतो, आणि त्याला देशांच्या सीमा ठाऊक नसतात.

थंडी कमी झाली तर तिथल्या लोकांचे बरेच झाले, असे आपल्याला प्रथम वाटते. पण आपल्याकडे मृगाचा पाऊस भिजवितो म्हणून तो नको, असे कोणती शेतकरीण म्हणेल? जिचे घर ज्या ऋतूवर उभे, तिला तो ऋतू हवाच असतो. एवढेच मला सांगावयाचे होते.