सशाला उचलायचं कसं?

अमेरिकेत फोर-एच ही मुलामुलींची चळवळ राज्य विद्यापीठांच्या कृषी विस्तार विभागांमार्फत चालते. तिथल्या नवशिक्यांसाठी ससेपालनाची कार्यशाळा आखताना पहिला तास उचलण्याच्या सरावाला द्यावा, आणि तो खरोखर भरपूर द्यावा. कान धरून ससा कधीच उचलायचा नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांना आधार देणारा. आधार सुटला की ससा जोरात लाथा झाडतो आणि त्या झटक्याने त्याचा कणाही मोडू शकतो.

मग आहार. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून वाळलेलं गवत सतत समोर हवं. उन्हाळ्यात सावली, वारा आणि गार पाणी हवंच, कारण सशाला थंडीपेक्षा उकाडा जास्त बाधतो.

ससे प्रदर्शनात मांडायचे, तर त्याचे नियम 1910 साली स्थापन झालेली अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन ठरवते. सशाच्या डाव्या कानात ओळखीचा क्रमांक गोंदलेला लागतो. उजवा कान संस्थेच्या नोंदणीसाठी राखीव. वजनाची मर्यादा जातीनुसार वेगळी: नेदरलँड ड्वार्फ जेमतेम सव्वा किलोच्या आत बसतो, तर फ्लेमिश जायंट सहा किलोंच्याही पुढे जातो. दोन्ही जाती शेजारी ठेवल्या, की वजनमर्यादा मुलांना लगेच कळते.

सर्वांत सुंदर भाग म्हणजे हाताळणीची स्पर्धा. तिथे ससा नव्हे, मूल तपासलं जातं. ते सशाला अलगद उताणं करून दात, नखं, डोळे आणि कान परीक्षकाला दाखवतं, काय पाहतोय तेही बोलून सांगतं. त्यासाठी कार्यशाळेत शांत स्वभावाचे ससे आणि पाय घसरू नयेत म्हणून टेबलावर सतरंजीचा तुकडा हवा.