सूट द्यायची कोणी?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "सेलवर बोलतो." ते म्हणाले, "गेल्या वर्षी एक डॉक्टर पेशींवर बोलून गेले आहेत, पुन्हा तोच विषय नको." मी म्हटले, "शरीरातला सेल नव्हे, दुकानाच्या दारावर ज्याची पाटी लागते तो सेल." त्यांनी विषय टिपून घेतला खरा, परंतु इतिहास, तत्त्वज्ञान आणि संतवाङ्मय यांच्या पंगतीत हे पाहुणे कोठे बसवावेत, ही चिंता त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. ती दूर करण्याचा आज प्रयत्न करतो. सांगली हे पेठेचे गाव आहे. भाव कोणी ठरवावा, हा प्रश्न येथे पोथीतला नाही, पोटाचा आहे.

माझ्या परिचयाचे एक कुटुंब येथे राहते. घरातल्या बाई राजापुरी हळकुंडे घेतात, दळून आणतात, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरतात आणि इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारात विकतात. ह्या बाजाराला आपण बाजारमंच म्हणू. कारण तो स्वतः दुकानदार नाही, दुसऱ्यांना बसायला जागा देतो आणि तिचे भाडे घेतो. मी बाईंचे नाव सांगत नाही आणि त्या मंचाचेही सांगत नाही. माझे भांडण एका कंपनीशी नसून एका रीतीशी आहे.

एका जानेवारीत ह्या बाईंकडे गेल्या हंगामाच्या हळदीच्या शे-सव्वाशे पिशव्या उरल्या. आपल्याकडे नवी हळद सौद्याला येऊ लागते ती जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. हळकुंड पुष्कळ दिवस टिकते. पण पूड जसजशी जुनी होते तसतसा तिचा रंग आणि वास उतरतो. नवा माल येण्याच्या आत जुना काढावा, हा दुकानदारीचा पहिला धडा. बाईंनी ठरवले की दहा दिवस शेकडा पंधरा सूट द्यावी. तशी मागणी त्यांनी मंचावर नोंदवली. उत्तर आले, "हा माल ह्या सवलतीस पात्र नाही." का नाही, ते लिहिलेले नव्हते.

पुष्कळ लिहालिहीनंतर उलगडा झाला. तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी आपणहून तीन दिवस भाव वीस रुपयांनी उतरवून पाहिला होता. मंचाचा नियम असा की, मागच्या तीस दिवसांतला सर्वांत कमी भाव हाच मूळ भाव धरायचा आणि सूट त्याच्या खाली मोजायची. म्हणजे दोनशेवर नव्हे, एकशे ऐंशीवर पंधरा टक्के!

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्याच मंचाचा निरोप आला. सणाच्या सेलमध्ये सामील व्हा, किमान वीस टक्के सूट द्या. सक्ती मुळीच नाही. मात्र जे सामील होणार नाहीत त्यांचा माल मागच्या पानावर जाईल. आता, मंडळी, ज्याचा माल विसाव्या पानावर आहे त्याचे दुकान उघडे असून बंद असते, हे आपणांस सांगायला नको.

येथे थोडा हिशेब मांडतो. पिशवीचा भाव दोनशे रुपये. हळद, दळण, पिशवी आणि कर मिळून एकशे पंधरा. मंचाचे कमिशन आणि पोचवणूक पंचावन्न. राहिले तीस. किंमत उतरली की कमिशनही किंचित उतरते, तो फरक सोडून देऊ. पंधरा टक्के सूट म्हणजे तीस रुपये, अर्थात सारा नफा. जानेवारीत बाई तो सोडायला राजी होत्या, कारण माल पडून खराब होण्यापेक्षा ते बरे. वीस टक्के म्हणजे चाळीस रुपये. दिवाळीत, ताजा माल हाती असताना, प्रत्येक पिशवीमागे दहा रुपये पदरचे घालायचे! ज्या दिवशी त्यांना द्यायचे होते त्या दिवशी कोणी हात धरला, आणि ज्या दिवशी देणे परवडत नव्हते त्या दिवशी तोच हात पुढे ओढला.

ही एकट्या हळदीची गोष्ट नव्हे. कृष्णेच्या काठाने वर साताऱ्याकडे जाऊ लागा. तासगावकडचा बेदाणा उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होतो. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा खरिपात निघतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालते आणि उरलेल्या फळाचा जॅम पुढल्या हंगामापर्यंत विकायचा असतो. कंदी पेढ्याचे आयुष्य तर दिवसांवर मोजायचे. ह्या मालांपैकी काहींना भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला आहे : स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये, हळदीला 2018 मध्ये. म्हणजे माल कोठला, हे सरकारदरबारी कबूल झाले. परंतु तो केव्हा स्वस्त करावा, हे ठरवताना त्याच्या गावाचा हंगाम कोणी विचारात घेत नाही. मंचाचे सण ठरलेले, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, दिवाळी. मालाचे पंचांग वेगळे आणि मंचाचे पंचांग वेगळे, अशी ही कुंडली जुळत नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर हे व्याख्यान न होता फिर्याद होईल. सेलवर बंधने का आली? आपण दुकानदारांनीच ती ओढवून घेतली. "दुकान बंद करणे आहे, शेवटचे तीन दिवस" ही पाटी एकाच दुकानावर तीन तीन वर्षे मी पाहिली आहे. दुकान बंद झाले नाही. पाटीचा रंग मात्र उडाला. शिवाय आपल्याकडे पुड्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. 2009 च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनी ती सक्तीची केली आहे. ही किंमत म्हणजे छप्पर आहे. त्याच्या वर जायचे नाही, खाली कितीही यावे. गिऱ्हाइकाचे रक्षण हा तिचा हेतू. परंतु काही हुशारांनी छप्परच उंच बांधले. शंभराच्या वस्तूवर दोनशे छापायचे, एकशेवीसला विकायची आणि वर चाळीस टक्के सूट दिल्याचे पुण्य घ्यायचे!

असा खोटेपणा सगळ्या जगात आहे आणि त्याला आवर घालण्याचे प्रयत्नही सगळ्या जगात झाले आहेत. जर्मनीत 1933 पासून 2001 पर्यंत असा कायदा होता की, किरकोळ दुकानदाराने रोखीच्या गिऱ्हाइकाला शेकडा तीनपेक्षा जास्त सूट देऊ नये. फ्रान्समध्ये आजही मोठे सेल वर्षातून दोनदाच, चार चार आठवडे, सरकारने नेमलेल्या काळात भरतात. युरोपीय संघात 28 मे 2022 पासून नियम आहे की, सूट जाहीर करताना मागच्या किमान तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवली पाहिजे. म्हणजे आमच्या बाईंना आडवा आलेला नियम मूळात वाईट नाही. गिऱ्हाईक म्हणून मी त्याचे स्वागतच करतो.

मग तक्रार कशाची? फरक असा आहे. फ्रान्सचा किंवा जर्मनीचा दुकानदार आपला नियम छापलेला वाचू शकतो. तो सर्वांना सारखा असतो. तो अन्यायाचा वाटला तर न्यायालयात जाता येते, मतपेटीतून बदलता येतो. मंचाचा नियम मात्र मंच करतो, मंच बदलतो, मंचच लावतो आणि अपिलाचा न्यायाधीशही मंचच. त्यातून जानेवारीत जो नियम खऱ्या किमतीचा आग्रह धरतो, तो दिवाळीत परवडणाऱ्या किमतीची चौकशीही करत नाही. बंधन असणे ही अडचण नव्हे. बंधन झाकलेले असणे आणि त्याचा तोटा दुसऱ्याने सोसणे, ही अडचण आहे.

मंडळी, हा अनुभव आपल्या पेठांना नवा नाही. जुन्या काळी अनेक बाजारांत भाव कसा ठरे? अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरत आणि बोटांच्या खुणांनी सौदा होई. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा. पण त्याला रुमाल तेवढा दिसे. मग पट्टी हाती येई. तीत अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी एकेक वजावट. 1928 साली शेतीविषयीच्या शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात 1939 साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्याने 1963 साली आपला कायदा केला. त्याने काय साधले? रुमाल काढला. उघड लिलाव, ठरलेली वजावट, खरे वजन, आणि भाव पसंत नसेल तर माल न विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क. बाजार समित्यांचे दोष आपण सगळे जाणतो आणि त्यांवर एक स्वतंत्र व्याख्यानमाला भरवता येईल. तथापि ही चार तत्त्वे खोटी ठरलेली नाहीत.

त्यांतला शेवटचा हक्क, नाही म्हणण्याचा, सांगलीने फार जपला. शेजारच्या हरिपूरची पेवे आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असतील. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची. त्यांत हळद भरून तोंड बुजवून टाकायचे. 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली. पेव म्हणजे काय होते? आज भाव पटत नाही, मी थांबतो, असे म्हणण्याची सोय होती. केव्हा विकावे आणि केव्हा उतरून विकावे, हे मालधन्याच्या हाती राहावे म्हणून आपल्या पूर्वजांनी जमीन खणली. आज माल गोदामात सुखरूप आहे. पण थांबलेला माल मागच्या पानावर ढकलला जातो.

कोणी म्हणेल, मंच ही खाजगी मालमत्ता आहे. नियम पसंत नसतील तर उठून जावे. ह्यात तथ्य आहे, पण अर्धे. अडत्याची पेढीही खाजगीच होती. परंतु गावाचा सगळा माल ज्या वेशीतून जातो, त्या वेशीच्या मालकाला आपली जकात पाटीवर लिहावी लागते. आपल्या सरकारलाही हे पटलेले दिसते. परकीय भांडवलावरच्या मंचांनी विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रभाव पाडू नये, असे 2016 च्या मार्चमध्ये सांगितले गेले. डिसेंबर 2018 मध्ये ते अधिक कडक करून 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू केले. भारतीय स्पर्धा आयोगाने 13 जानेवारी 2020 रोजी दोन मोठ्या मंचांच्या भरमसाट सवलती आणि ठरावीक विक्रेत्यांना मिळणारे झुकते माप ह्यांच्या चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी 23 जुलैला ग्राहक संरक्षणाचे ई-वाणिज्य नियम निघाले. माल वरखाली कोणत्या निकषांनी लावतो आणि एकाच प्रकारच्या विक्रेत्यांत भेद करत असल्यास तो कोणता, हे मंचाने सांगावे, असे त्यांत आहे.

नियम आहेत, परंतु त्यांचा रोख बहुतेक करून पेठेतल्या दुकानदाराचे आणि गिऱ्हाइकाचे रक्षण करण्याकडे आहे, आणि तो योग्यच आहे. मंचावर बसलेला लहान विक्रेता मात्र दोहोंच्या मध्ये सापडतो. पेठेतला दुकानदार त्याला भाव पाडणारा समजतो आणि मंच त्याला भाडेकरू समजतो. युरोपात 12 जुलै 2020 पासून अशा विक्रेत्यासाठी वेगळा नियम आहे. अटी बदलायच्या तर साधारणपणे किमान पंधरा दिवस आधी कळवायचे, आणि त्याच्या मालावर बंधन घातले तर कारण लेखी द्यायचे. आपल्याकडे 2021 च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या ओएनडीसी ह्या खुल्या जाळ्याने दुसरी वाट काढली आहे. तेथे एकाच मंचाच्या दारात उभे राहावे लागत नाही. वाट चांगली आहे. मात्र वाट असली म्हणजे वर्दळ असतेच असे नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. सूट खरी असावी, ह्यासाठी नियम अवश्य करा. पण तो आधी छापा. नाही म्हणालात तर कारण सांगा. आणि ज्याच्या खिशातून सूट जाते, त्याला हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क ठेवा. नाही म्हणाल्याबद्दल त्याला मागच्या पानाची शिक्षा देऊ नका. हे मागायला एकटी बाई पुरी पडणार नाही. परंतु सातारा-सांगलीला सहकार शिकवावा लागतो काय? ऊस घालणाऱ्यांनी येथे साखर कारखाने उभे केले. मग पिशव्या भरणाऱ्यांना एक संस्था काढणे अवघड नाही. आणि आपण गिऱ्हाइकांनीही चाळीस टक्के ऐकून हुरळून न जाता एकच प्रश्न विचारावा, "गेल्या महिन्यात हिचा भाव काय होता?"

त्या बाईंनी शेवटी काय केले, ते सांगून आपली रजा घेतो. त्यांनी मुलाची जुनी पाटी काढली, तिच्यावर खडूने लिहिले आणि ती दाराबाहेर टांगली. "गेल्या हंगामाची हळद. म्हणून शेकडा पंधरा सूट." बऱ्याच पिशव्या गल्लीतच खपल्या, काही उरल्या, त्या घरात वापरल्या. त्या पाटीवर सूट होती आणि सुटीचे कारणही होते. जी गोष्ट एका गृहिणीला खडूच्या दोन ओळींत सांगता आली, ती एवढ्या मोठ्या यंत्राला सांगता येऊ नये, असे मला वाटत नाही. आपण विचारायला मात्र हवे.