उन्माद, विषाद आणि दिनचर्या

मनाला भरती-ओहोटी असते, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु कांहीं माणसांच्या मनाची भरती मर्यादा ओलांडते. झोप नकोशी होते, बोलणें थांबत नाहीं, पैसा पाण्यासारखा वाहतो. आणि ओहोटी लागली म्हणजे तोच मनुष्य अंथरूण सोडीत नाहीं, त्याला जीव नकोसा होतो. हीं दोन्ही रूपें एकाच विकाराचीं आहेत, असें फ्रान्समधील फालरे या मनोवैद्यानें १८५४ सालीं मांडलें. आज त्यास द्विध्रुवी विकार म्हणतात.

औषधावांचून हा विकार आवरतां येईल काय, असा प्रश्न पुष्कळ घरांत उठतो. एके काळीं त्यावर खरें औषधच नव्हतें. १९३६ सालीं अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत राहुरी येथें मेहेरबाबांनीं वेड्यांसाठीं आश्रम उघडला. तेथें ते स्वतःच्या हातांनीं रहिवाशांस स्नान घालीत. ज्या काळांत अशा माणसांच्या वाट्याला बहुधा साखळदंड वा अंगारा येई, त्या काळांत ही ममता लहान गोष्ट नव्हती. पण ममता म्हणजे रोगनिवारण नव्हे. पुढें १९४९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यानें लिथियमचे क्षार उन्मादाच्या दहा रोग्यांना देऊन अनुभव प्रसिद्ध केला, आणि या विकाराच्या इतिहासाला वळण लागलें.

तरीहि दिनचर्येचें महत्त्व कमी झालें नाहीं. जागरण हें उन्मादाला निमंत्रण असतें. उसाला रात्रीं पाणी देणें, तोडणीच्या हंगामांत पहाटेपूर्वीं फडावर जाणें, नवरात्रांत मोहट्याच्या गडावर रात्र काढणें, हें इतरांना सोसतें. या रोग्याला सोसेलच असें नाहीं. म्हणून रात्रीची पाळी भावानें घ्यावी. निजण्याची, उठण्याची व जेवणाची वेळ ठरलेली असावी. मद्य वर्ज्य करावें. दोन रात्री झोप थोडी, तरी थकवा नाहीं, असें दिसतांच घरच्यांनीं सावध व्हावें. अमेरिकेंतील एलेन फ्रँक यांनीं अशा नियमिततेचीच उपचारपद्धति घडविली. पण ती औषधाच्या जोडीला वापरली, त्याच्या जागीं नव्हे.

औषध नको म्हणणारा मनुष्य हट्टी असतोच असें नाहीं. लिथियमनें हात कांपतात, तहान लागते. रक्त वेळोवेळीं तपासावें लागतें, मूत्रपिंड व कंठग्रंथि यांवर लक्ष ठेवावें लागतें. उन्हांत घाम जाऊन शरीरांतील पाणी घटलें, तर त्याचें रक्तांतील प्रमाण विषारी होऊं शकतें. हीं गाऱ्हाणीं खरीं आहेत, आणि तीं डॉक्टरांपुढें मांडावींत. मात्रा बदलतां येते, औषधहि बदलतां येतें. परंतु बरें वाटतें म्हणून तें एकाएकीं सोडलें, तर विकार उलटतो आणि आत्मघाताचा धोका वाढतो.

जीव नकोसा झाल्याचें कोणी बोलून दाखविलें, तर त्यास एकटें सोडूं नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो व मराठींतहि उत्तर देतो. विहिरीला पाणी आहे म्हणून कोणी बांध फोडीत नाहीं. दिनचर्या हा बांध आहे, औषध हें पाणी आहे. शेत दोहोंनीं पिकतें.