आकाशपाळणा आणि त्याचा कर्ता
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले भाषण)



जत्रेत आकाशपाळण्यात न बसलेली बाई आपल्यात क्वचितच असेल. वर जाताना देवाचा धावा नि खाली आले की हसू! या पाळण्याला इंग्रजीत ‘फेरिस व्हील’ का म्हणतात, तेवढेच आज सांगते.

हाताने फिरवायचे लाकडी पाळणे फार जुने. १७ व्या शतकातल्या प्रवाशांनी ते तुर्कस्तानात पाहिले होते. पण १८९३ साली अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरायचे होते. चारच वर्षांपूर्वी पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेलच्या लोखंडी मनोऱ्याने जगाला थक्क केलेले. त्यावर ताण करील असे काही काढा, असे आव्हान शिकागोकरांनी आपल्या इंजिनियरांना दिले. पिट्सबर्गच्या जॉर्ज फेरिस या तरुणाने चाकाचा नकाशा पुढे ठेवला. लोकांना वाटले, याचे डोके फिरले! परवानगी मिळाली, काढून घेतली गेली आणि पुन्हा मिळाली ती १८९२ च्या डिसेंबरात. तेव्हा जमीन गोठलेली. प्रदर्शन १ मे रोजी उघडले, चाक फिरू लागले २१ जूनला.

उंची २६४ फूट! ३६ डबे, एकेकात ६० माणसे. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसे हवेत. आणि एवढा भार पेलायला आरे कसले, तर बारीक सळयांचे. सायकलच्या चाकात असतात तसे, ताणलेले. पाहणाराला ते कोळ्याचे जाळेच वाटे.

पहिला डबा जोडून चाक फिरवून पाहिले, तेव्हा फेरिस स्वतः पिट्सबर्गला होता. डब्यात बसली होती त्याची पत्नी मार्गारेट. मला या सगळ्या आकड्यांपेक्षा तिचे ते बसणे मोठे वाटते. नवऱ्याच्या गणितावर स्वतःचा जीव टांगायचा, ही का साधी गोष्ट?

प्रदर्शनात सुमारे साडेचौदा लाख लोक पन्नास-पन्नास सेंट देऊन त्यात बसले. फेरिसच्या पदरात मात्र पडले कोर्टकज्जे नि कर्ज. पुढे संसारही मोडला. २२ नोव्हेंबर १८९६ रोजी विषमज्वराने तो गेला, वय अवघे ३७. दहनाचे पैसे चुकते झाले नव्हते म्हणून त्याची रक्षा वर्षाहून अधिक काळ तिथेच पडून राहिली.

चाक १९०४ साली सेंट लुईच्या प्रदर्शनात पुन्हा फिरले. १९०६ साली ते सुरुंग लावून पाडले आणि भंगारात विकले.