प्रत्येकीच्या बटव्यात एक बॅटरी

बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही बायका आज पुन्हा तुमच्या भेटीला आलोय. कर्ज, व्याज, हप्ते यांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय मुठीत मावेल एवढा आहे. बॅटरी. शहरात टॉर्च म्हणतात, पुस्तकात विजेरी लिहितात, आपण आपली बॅटरीच म्हणू.

आमच्या गटांच्या बैठकीत आम्ही विचारलं, घरात बॅटरी आहे का? सगळ्या म्हणाल्या, आहे की. ती कुणाची? घरची. घरची म्हणजे असते कुठं? कारभाऱ्यांच्या उशाशी.

आता बघा, रात्रीची थ्री-फेज लाइट आली की कारभारी मोटर चालू करायला रानात जातात आणि बॅटरी त्यांच्याबरोबर जाते. ते बरोबरच आहे, अंधारात रानात उजेडाशिवाय जाऊच नये. पण त्याच रात्री घरातली बाईही उठते. पहाटे चारला नळाला पाणी येतं. गोठ्यात गाय व्यायला झालेली असते. जळतणाच्या ढिगातून फाटी काढायची असतात. आशाताईला तर बाळंतपणासाठी कधीही बोलावणं येतं. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बहिणी कोपीवरून फडात निघतात तेव्हा उजाडलेलं नसतं. आणि सगळ्यांत मोठं कारण आपण चारचौघांत बोलत नाही. संडास परसात लांब असेल किंवा नसेलच, तर अंधारात जावं लागू नये म्हणून कितीतरी बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून धरतात. त्यातून जळजळ होते, लघवीच्या जागेला संसर्ग होतो आणि पैसा दवाखान्यात जातो. घरात एक बॅटरी असणं पुरेसं नाही, ते एवढ्यासाठी. प्रत्येकीची स्वतःची हवी, आणि ती अंगाजवळ हवी.

काही जणी म्हणतात, मोबाईलला लाइट आहे की. आहे, आणि अडीनडीला तो वापरावाच. पण पावसात, चिखलात, ओल्या हातात मोबाईल धरणं म्हणजे दहा हजारांची वस्तू पणाला लावणं. शिवाय रात्रभर वीज नसली की मोबाईल आधीच उतरलेला असतो. आणि खरंच काही घडलं, तर त्याच मोबाईलवरून 108 ला फोन करायचा असतो. फोनचं चार्जिंग फोनसाठी राहू द्या.

अंधारात भीती कशाची, तर पायाखाली काय आहे त्याची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्रीच फिरते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, त्यामुळं झोपेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. विंचू जळतणात, दगडाखाली, चपलेत बसतो. विंचूदंशावरच्या उपचारासाठी आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम जगभर माहीत आहे. सापाच्या विषावरही दवाखान्यात लस मिळते. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडं जाऊ नका. तो हात किंवा पाय हलवू न देता थेट दवाखाना गाठा. पण उपचार घ्यायची वेळच न येणं बरं. उजेडानं साप पळत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. उजेडानं तो आपल्याला दिसतो, एवढंच. म्हणून बॅटरी लांब झाडावर मारायची नाही. पावलापुढं पाच-सात फुटांवर मारायची आणि पाय आपटत चालायचं.

आता बॅटरी निवडायची कशी? बाजारात ढीग लागलेला असतो. आम्ही पाच गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट, सेल कोणता. जो सेल आपल्या गावच्या किराणा दुकानात बारा महिने मिळतो, तोच चालणारी बॅटरी घ्या. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल सगळीकडं असतो. रिमोटचा बारीक सेल त्याच्या शेजारीच असतो, पण पेन्सिल सेलमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त वीज मावते. म्हणून आमची पसंती दोन पेन्सिल सेलच्या बॅटरीला. एका सेलचे दीड व्होल्ट, दोन मिळून तीन. पांढऱ्या एलईडी दिव्याला साधारण तीन व्होल्टच लागतात. एका सेलवर चालणारी बॅटरीही मिळते, पण तिच्यात व्होल्ट वाढवणारं छोटं सर्किट बसवावं लागतं. जितकं कमी सामान, तितकं बिघडणं कमी. काही स्वस्त बॅटऱ्यांत तीन बारीक सेल प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसवतात. तो पिंजरा तडकला की बॅटरी गेली, आणि अंधारात त्यात सेल नीट बसवणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं.

चार्जिंगची बॅटरी वाईट नाही. ज्यांच्याकडं वीज बऱ्यापैकी असते त्यांनी मोबाईलच्या चार्जरवर चालणारी घ्यावी. पण भिंतीतल्या बोर्डात थेट खुपसायच्या दोन पिनांची स्वस्त बॅटरी असते, तिच्याबद्दल जपून. अशा कित्येक बॅटऱ्यांत विजेपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळं लावलेली असताना हात लावला तर झटका बसू शकतो. ती चार्जिंगला लावून पेटवायची नाही, ओल्या हातानं काढायची नाही आणि पोरांच्या हाताला लागेल तिथं ठेवायची नाही. यातल्या काहींच्या पोटात शिशाची बॅटरी असते. ती पूर्ण उतरू देऊन महिनोन्‌महिने पेटीत ठेवली की मरते, मग कितीही चार्ज करा.

दुसरी गोष्ट, बटण. एकदा दाबलं की लागली, पुन्हा दाबलं की बंद. यापेक्षा जास्त हुशारी नको. हल्ली एका बटणात पाच तऱ्हा असतात: मोठा उजेड, मध्यम, बारीक, उघडझाप, आणखी काही. सापाच्या वेळी बारीक उजेडासाठी चारदा बटण दाबत बसायचं का? फार तर दोन तऱ्हा असाव्यात, आणि आधी बारीक लागलेली बरी. अंधारात नजर पुरती बसायला वीस-तीस मिनिटं लागतात. अचानक लख्ख उजेड पडला की नजर पुन्हा उतरते आणि बॅटरी बंद केल्यावर काहीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट, उजेड किती. पाकिटावर ल्यूमेनचा आकडा असतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. घरात, गोठ्यात वीस-तीस ल्यूमेन पुरतात. पायवाटेला पन्नास ते शंभर भरपूर झाले. हजारांचे आकडे छापलेल्या दीडशे रुपयांच्या बॅटरीवर विश्वास ठेवू नका. किती तास चालते तेही लिहिलेलं असतं, पण तितके तास पूर्ण उजेड मिळत नाही. मोजायची जी मान्य पद्धत आहे, तिच्यात उजेड दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ धरतात. आणि उजेड नुसता मधे ठिपक्यासारखा नको, बाजूलाही थोडा पसरलेला हवा, म्हणजे वाटेच्या दोन्ही कडा दिसतात.

चौथी गोष्ट, मजबुती. हे दुकानातच तपासायचं. दुकानदाराला लाजायचं नाही, पैसे आपले आहेत. बटण दहा वेळा दाबून बघा. पेटवून हलकेच हलवा, उजेड लुकलुकला तर आतला जोड सैल आहे. झाकण उघडा, आटे सरळ आहेत का बघा, झाकणाशी रबराची कडी आहे का बघा. ती कडी पाणी अडवते. पाकिटावर आयपीएक्स 4 असेल तर सगळीकडून उडालेलं पाणी चालतं. आयपीएक्स 7 असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालायला हवी. पुढचं तोंड सरकवून उजेड लहान-मोठा करायची बॅटरी दिसायला छान, पण त्या सरकत्या फटीतूनच पाणी आणि धूळ आत जाते. दोरी ओवायला भोक हवंच. विहिरीवर, हौदावर वाकताना दोरी मनगटात असली की झालं.

पाचवी गोष्ट, आकार. बटव्यात किंवा कमरेच्या पिशवीत मावली नाही तर ती खुंटीलाच राहणार. वीतभर लांब नको, हाताच्या पंजाएवढी पुरे. एका हातानं लागली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात कळशी असते नाहीतर लेकरू.

इथं एक सावधगिरी. चाव्यांच्या जुडग्याला लावायच्या चिमुकल्या बॅटऱ्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. लहान मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन-तीन तासांत आतून जखम करतो. असं नुसतं वाटलं तरी घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. लहान लेकरं असलेल्या घरात असली बॅटरी नकोच.

चांगली वस्तू घेतली की जपायचीही असते. नवा आणि जुना सेल एकत्र घालायचा नाही. महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवायचे, कारण आत राहिलेला सेल पाझरतो आणि स्प्रिंग खातो. पाझरलेला सेल उघड्या बोटांनी धरायचा नाही. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून काढायचा आणि मग हात धुवायचे. पिशवीत बटण आपोआप दाबलं जात असेल तर झाकण अर्धा आटा सैल करून ठेवा. बाद झालेले सेल चुलीत टाकू नका, ते फुटतात. डब्यात साठवा आणि तालुक्याला जाताना जुने सेल घेणाऱ्याकडं द्या.

आता पैशाचं. समजा ऐंशी रुपयांची बॅटरी दर पावसाळ्यात बाद होते, तर पाच वर्षांत चारशे गेले. दोनशेची घेतली आणि पाच वर्षं टिकली, तर निम्म्यात भागलं. दोनशेसाठी गटातून कर्ज काढू नका. आठवड्याला वीस रुपये बाजूला टाकले तर दहा आठवड्यांत जमतात. गटानं मिळून घेतली तर आणखी सोपं. आम्ही सांगतो, आधी एकच आणा. चार घरांत आठ-आठ दिवस वापरू द्या. पसंत पडली तरच सगळ्यांसाठी आणा, आणि सगळ्यांची एकाच जातीची. एकीची खराब झाली तर तिचं झाकण, स्प्रिंग दुसरीच्या उपयोगी पडतं. आपापल्या बॅटरीवर नेलपॉलिशनं खूण करा, म्हणजे वाद नको. आणि वस्तीत एक खूण ठरवून ठेवा. तीन वेळा उघडझाप, थोडं थांबून पुन्हा तीन वेळा, म्हणजे मदतीला या.

एखाद्या घरात म्हणतील, बाईला वेगळी बॅटरी कशाला, चैन आहे. त्यांना शांतपणे सांगा, कोयता जसा अवजार आहे तशी ही आहे. आणि ती सुनेलाही द्या, शाळेला पहाटेची एसटी धरणाऱ्या मुलीलाही द्या. रात्री उठायचं तर कुणाला तरी उठवावं लागतं, या संकोचानं नवी सून सकाळची वाट बघत पडून राहते. तिच्या उशाशी तिचा उजेड असू द्या.

तर मैत्रिणींनो, गावात मिळणारा सेल, एकच बटण, पुरेसा उजेड, रबराची कडी आणि मुठीत मावेल असा आकार. येत्या बाजारच्या दिवशी एवढं बघून घ्या. आणि आज संध्याकाळी घरात आहे त्या बॅटरीचं झाकण उघडून सेल पाझरलाय का, तेवढं नक्की तपासा.