युद्धासाठीं आलेलीं इंजिनें



मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळास येऊन दुभंगतो. एक फांटा अकोला-वर्ध्यावरून नागपुरास जातो, दुसरा खंडवा-इटारसीवरून जबलपुरास. नागपूरचा मार्ग १८६७ सालीं पुरा झाला आणि जबलपूरचा १८७० सालीं जोडला गेला. तेव्हांपासून जी. आय. पी. रेल्वेनें पूर्वेकडून मुंबईस येणारा माल यांपैकीं कोणत्याही वाटेनें निघो, तो भुसावळास आल्यावांचून पुढें जात नसे. शांततेच्या काळीं ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकांत शोभणारी होती. दुसऱ्या महायुद्धांत मात्र तिच्यावर मुंबईच्या गिरण्यांचें चालणें अवलंबून राहिलें.

त्याचें कारण कोळसा. युद्धापूर्वीं मुंबईला लागणाऱ्या बंगाल-बिहारच्या कोळशापैकीं पुष्कळसा कलकत्त्याहून बोटींनीं येत असे. डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरला आणि पुढच्या एप्रिलांत त्याच्या आरमारानें बंगालच्या उपसागरांत अनेक व्यापारी जहाजें बुडविलीं. समुद्राची वाट अशी धोक्याची झाल्यावर कोळशाचा भार रेल्वेवर आला. त्यांत सैन्य, दारूगोळा, पेट्रोल यांची वाहतूक होतीच. १९४३ सालीं बंगालमध्यें दुष्काळानें कहर केला, तेव्हां धान्याच्या गाड्यांची निकडही तिच्यांत मिळाली.

आणि याच वेळीं रेल्वेचें बळ घटलेलें होतें. कांहीं इंजिनें व वाघिणी मध्यपूर्वेच्या रणभूमीकडे पाठविल्या होत्या. कित्येक शाखामार्गांचे रूळ उखडून तिकडे नेले होते. रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांच्या दुरुस्तीबरोबर युद्धसाहित्य तयार होत होतें. नेहमीं जेथून नवीं इंजिनें येत, त्या इंग्लंडचे कारखाने स्वतःच्याच युद्धांत गुंतले होते. तेव्हां मागणी अटलांटिकपलीकडे गेली. अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीनें आणि कॅनडांत माँट्रियल व किंग्स्टन येथील कारखान्यांनीं आपल्या साडेपांच फुटी रुळांसाठीं मालगाडीचीं इंजिनें बांधून दिलीं. त्यांचीं नांवें एडब्ल्यूडी, एडब्ल्यूई आणि सीडब्ल्यूडी. यांतलें पहिलें अक्षर देशाचें, ‘ए’ अमेरिकेचा व ‘सी’ कॅनडाचा, मधला ‘डब्ल्यू’ ‘वॉर’चा म्हणजे युद्धाचा, आणि शेवटचें अक्षर इंजिनाच्या जातीचें.

हीं इंजिनें सुंदर नव्हतीं. इंग्रज बांधणीच्या इंजिनांत नळ्या, तारा शक्य तों झांकून ठेवीत. येथें सारें बाहेर दिसे. परंतु या उघडेपणांत शहाणपण होतें. जो भाग दिसतो, त्यास हात लवकर पोंचतो, आणि जेथें हात पोंचतो तेथें दुरुस्तीचा वेळ वांचतो. सिलिंडर दोनच, तेही बाहेरच्या अंगास. सांगाडा पातळ पत्र्यांऐवजीं जाड लोखंडी पट्ट्यांचा. पुढें दोन लहान चाकें, मध्यें एकत्र जोडलेलीं आठ मोठीं चाकें आणि मागें पुन्हां दोन लहान. हीं मागचीं दोन चाकें शोभेचीं नव्हेत. त्यांच्यामुळें भट्टी मोठ्या चाकांच्या मध्यें न अडकतां त्यांच्या मागें रुंद पसरतां येते. आणि आपल्या राखाळ कोळशास अशीच रुंद भट्टी लागते. अरुंद भट्टींत तो कोळसा घुसमटतो, वाफ उतरते आणि गाडी चढावावर उभी राहते.

या चक्ररचनेच्या नांवाचीही एक मौज आहे. १८९७ सालीं बाल्डविननेंच जपानच्या एका रेल्वेसाठीं अशीं इंजिनें केलीं, म्हणून जपानच्या सम्राटावरून तिला ‘मिकाडो’ म्हणूं लागले. युद्ध पेटल्यावर शत्रूच्या सम्राटाचें नांव तोंडीं कसें घ्यावें? अमेरिकेंत त्याऐवजीं सेनापति मॅक्आर्थरचें नांव दिलें गेलें, आणि आपल्याकडे मीटरगेजवर आलेलीं त्याच घडणीचीं लहान इंजिनें त्याच नांवानें ओळखलीं गेलीं.

युद्ध १९४५ सालीं संपलें. युद्धापुरतीं मागविलेलीं हीं इंजिनें तेव्हां मोडींत काढावीं, असें कोणास परवडणारें नव्हतें. झिजलेले रूळ, थकलेलीं जुनीं इंजिनें आणि फाळणीनें विस्कटलेली वाहतूक घेऊन स्वतंत्र देश उभा राहत होता. त्याच्या मालगाड्या याच इंजिनांनीं ओढल्या, आणि त्यांतलीं कित्येक १९७० नंतरही कामावर होतीं.

यंत्र आपण होऊन टिकत नसतें, हें येथें सांगितलें पाहिजे. १९३० पासून मुंबईकडून विजेचीं इंजिनें इगतपुरीपर्यंत येत. तेथून भुसावळपर्यंतचे सुमारें ३०० किलोमीटर आणि त्यापुढचे दोन्ही फांटे वाफेचे. मे महिन्यांत खानदेशांत पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत भट्टीच्या तोंडाशीं उभें राहून फायरमननें फावड्यानें कोळसा टाकायचा. निखाऱ्यांच्या थरांत कोठें भोंक पडलें, कोठें खंगर धरला, तें ज्वाळेच्या रंगावरून ओळखायचें. गाडी आल्यावर शेडमधल्या खलाशानें राख उपसायची, नळ्या साफ करायच्या; फिटरनें रात्रींतून सांधे पाहायचे, आणि पहांटे तेंच इंजिन पुन्हां गाडीस लागायचें. शहरांतल्या घरीं दिवा लागतो, गिरणीचा भोंगा होतो, त्यामागें ही रात्र असे. तिची नोंद वेळापत्रकांत होत नाहीं.

या युद्धकालीन इंजिनांची खरी कमाई मात्र याहून मोठी आहे. स्वतंत्र हिंदुस्थानानें आपलें मालगाडीचें इंजिन योजिलें, तेव्हां तीच चक्ररचना, तोच पट्ट्यांचा सांगाडा, तेच बाहेरचे दोन सिलिंडर त्यानें पसंत केले. तें इंजिन डब्ल्यूजी. चित्तरंजनच्या कारखान्यांतून १ नोव्हेंबर १९५० रोजीं पहिलें डब्ल्यूजी बाहेर पडलें. त्याचें नांव ‘देशबंधु’. येथील ‘डब्ल्यू’ युद्धाचा नव्हे, तो ‘वाइड’ म्हणजे रुंद रुळांचा. अक्षर तेंच राहिलें आणि त्याचा अर्थ शांततेचा झाला. १९७० सालीं त्या कारखान्यानें ब्रॉडगेजचें शेवटचें वाफेचें इंजिन केलें, तेंही डब्ल्यूजीच. त्यास ‘अंतिम सितारा’ म्हटलें.

पुढें १९६० च्या दशकाअखेरीस विजेच्या तारा इगतपुरीहून भुसावळास पोंचल्या. १९९५ सालीं ब्रॉडगेजवरची वाफेची नित्याची वाहतूक देशभर थांबली. बाल्डविननें १९४३ सालीं बांधलेलें एक एडब्ल्यूई इंजिन, ‘विराट’ या नांवानें, हरियाणांतील रेवाडीच्या शेडनें मात्र जतन केलें. तें पाहावयास जाणारे लोक त्याचा आकार पाहून थक्क होतात. त्यांनीं त्याचा साधेपणाही पाहावा. संकटांत घाईनें केलेली वस्तु बहुधा संकटाबरोबरच टाकून दिली जाते. हीं इंजिनें टिकलीं, कारण घडविणाऱ्यांनीं तीं दुरुस्त करतां येतील अशीं घडविलीं, आणि भुसावळसारख्या ठिकाणच्या माणसांनीं तीं दर रात्रीं खरोखरच दुरुस्त केलीं. या दोहोंपैकीं एकाच गोष्टीवर त्यांचें आयुष्य इतकें लांबलें नसतें.