औंढ्याची प्रयोगशाळा आणि आपली पोरं



आज धडा वाचायचा नाही. आज थोडे बोलायचे आहे.

परवा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, "गुरुजी, औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात सरकार काय बांधतंय? सोनं सापडलं का तिथं?"

सोने नाही सापडले, मंडळी. तिथे एक मोठी प्रयोगशाळा व्हायची आहे. तिचे नाव लायगो-इंडिया. केंद्र सरकारने २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता दिली. मग २०२३ साली २,६०० कोटी रुपये मंजूर केले. २०३० पर्यंत काम पुरे करायचे, असे तेव्हा ठरले.

आता तिथे काय करणार, ते सांगतो. विहिरीत दगड टाकला की पाण्यावर लाटा उठतात. होय ना? तशाच लाटा आकाशातही उठतात. दोन अतिशय जड तारे एकमेकांवर आदळले, की अवकाशच हलते. या लाटांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. आइन्स्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१६ साली त्या कागदावर गणित करून सांगितल्या. पण पकडणार कशा? त्याला ९९ वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी अशी एक लहर प्रथम पकडली. ती लहर निघाली होती १३० कोटी वर्षांपूर्वी!

तसलेच यंत्र आपल्याकडे होणार आहे. गवंड्याचा गुण्या तुम्ही पाहिला आहे. तशा काटकोनात दोन लांब नळ्या. एकेक नळी ४ किलोमीटरची. आतली हवा काढून टाकलेली. टोकाला आरसे. एक आरसा ४० किलोचा, आणि तो टांगतात काचेच्या बारीक धाग्यांवर. लेसरचा उजेड दोन्ही नळ्यांतून जातो, आरशावर आपटून परत येतो. लहर आली की एक नळी किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. किती किंचित? केसाच्या जाडीचे कोट्यवधी भाग केले, तरी त्यातला एक भाग याहून मोठाच भरेल.

"मग अमेरिकेत आहे ना, इथे कशाला?" असे कुणी म्हणेल. रात्री शिवारात कुणी हाक मारली तर एकट्याला दिशा नीट कळत नाही. चार बांधांवर चौघे उभे असले, तर हाक कुठून आली ते नक्की सांगता येते. तसेच हे आहे. अमेरिका, इटली आणि जपान इथे अशी यंत्रे आहेत. आता एक बांध आपला.

आणि जागा औंढ्याचीच का? या यंत्राला सपाट, घट्ट आणि शांत जमीन लागते. मोठे कारखाने, आगगाड्या, गर्दी जवळ नको. इथे कारखाने नाहीत म्हणून आपण कुरकुर करतो. तोच शांतपणा इथे कामाला आला, बघा.

आता खरी गोष्ट. हे यंत्र चालवणार कोण?

शास्त्रज्ञ लागतील. पण नुसते शास्त्रज्ञ नव्हेत. नळ्या जोडणारा वेल्डर लागेल, फिटर लागेल, वीज पाहणारा लागेल, संगणक चालवणारी लागेल. ती माणसे बाहेरूनच आली, तर आपल्या पोरांच्या वाट्याला काय येईल? फाटकावरची राखण आणि चहाची टपरी. कोणतेही काम हलके नाही. पण फाटकाच्या आत जायची वाट आपल्या पोरांना बंद असावी, हे मला सोसत नाही.

माझीच एक चूक सांगतो. माझ्या वर्गात सहावीला एक मुलगी होती. शाळेच्या झेंड्याच्या खांबाची उंची तिने सावली मोजून काढली. मी शिकवले नव्हते, तिचे तिनेच काढले. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती ऊसतोडीला गेली. मी हजेरीपटावर रोज 'गैरहजर' लिहीत राहिलो. तिच्या घरी एकदाही गेलो नाही. ती शाळेत परत आलीच नाही. दोन वर्षांनी कळले, तिचे लग्न झाले. ते 'गैरहजर' मला अजून टोचते.

म्हणून हिशोब नीट ऐका. आज चौथीत असलेल्या पोराला दहावी व्हायला सहा वर्षे. पुढे आयटीआयला एक-दोन वर्षे. डिप्लोमाला तीन वर्षे. इंजिनियर व्हायला बारावी धरून आणखी सहा. शास्त्रज्ञ व्हायचे तर त्याहूनही जास्त. आंब्याचे झाड लावण्यासारखे आहे हे. फळ हवे तेव्हा लावून चालत नाही.

करायचे काय? पहिले, ऊसतोडीला जाताना पोरांना शाळेतून काढू नका. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. शाळेत जाऊन विचारा. दुसरे, मुलगी हुशार असेल तर तिच्या लग्नाची घाई करू नका. तिसरे, पोराने "असं का?" विचारले तर दटावू नका.

आणखी एक. इस्रो ही आपल्या देशाची अवकाश संस्था. २३ ऑगस्ट २०२३ ला तिने चंद्रावर यान उतरवले, ते तुम्ही मोबाईलवर पाहिलेच. २०१९ साली इस्रोने 'युविका' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो नववीच्या मुलामुलींसाठी आहे. निवडलेल्या मुलांना सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात ठेवतात, रॉकेट आणि उपग्रह कसे करतात ते दाखवतात. खर्च इस्रो करते. निवडताना गावच्या शाळेतल्या मुलांना त्याचे वेगळे गुण देतात. आठवीचे गुणही धरतात. म्हणजे तयारी आठवीपासून हवी. गावच्या शाळेचा आजवर तोटाच ऐकला. इथे तिचा फायदा आहे.

कुणी म्हणेल, खेड्यातून काय होणार? अहो, देशाचे पहिले रॉकेट उडाले ते केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून. तारीख २१ नोव्हेंबर १९६३. गावाने आपले चर्चसुद्धा त्या कामाला दिले. रॉकेटचे भाग तिथे सायकलीवरून नेत. सुरुवात अशीच असते.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हांला आत्ता कुठे वाचता यायला लागलं. आम्ही पोरांना काय शिकवणार?" शिकवू नका. नुसते जवळ बसा. उद्या येताना घरातल्या पोराचे विज्ञानाचे पुस्तक घेऊन या. एक पान आपण इथे वाचू. तेच पान रात्री घरी पोराला वाचून दाखवा. अडले तर त्यालाच विचारा. आई-बाप विचारतात म्हटल्यावर पोर अभ्यास कसा सोडील?

उद्या पुस्तक विसरू नका. राम राम.